कानाची घशातली वाट

माझा डावा कान साडेचार महिने बंद होता आणि घरात ते कुणाला माहीत नव्हतं. घरात म्हणजे बायकोला. आम्ही दोघंच असतो. हे लिहायला बसलो ते दोन कारणांनी. एक, कुणाचा कान सर्दीनंतर किंवा विमानातून उतरल्यावर बंद झाला आणि उघडेना, तर त्याने मी केलं ते करू नये. दुसरं कारण पुढे येईलच. ते आधी सांगायला अजूनही जड जातं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. गेली तेवीस वर्षं चेन्नईत, वेस्ट मांबलमला. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात वाफेच्या, पाण्याच्या आणि दाबाच्या हवेच्या पाइपलाइनी माझ्याकडे असतात. बायको, वसुधा, इथल्या शाळेत हिंदी शिकवते.

विमान उतरताना

फेब्रुवारीत पुण्याला पुतण्याचं लग्न होतं. लग्नात सर्दी झाली, नाक गच्च. तसाच परतीच्या विमानात बसलो. वर चढताना काही जाणवलं नाही. चेन्नई जवळ आली, विमान खाली यायला लागलं आणि डाव्या कानात कुणीतरी दाभण अडकवून पडदा आत ओढतंय असं झालं. टोचण्यापेक्षा ओढच जास्त होती.

वसुधा शेजारीच वाचत बसली होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलंय ते तिला दिसू नये, एवढीच काळजी. आमच्याकडे पुरुषांनी दुखणं सांगायची पद्धत नव्हती. वडील मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी आले तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की कोल्हापूरला काम निघालं होतं. त्यांच्यावर ढकलत नाही, पण शिकलो ते तिथेच.

मागच्या रांगेत एक तान्हं बाळ टाहो फोडत होतं. आईने पदराखाली घेतल्यावर ते गप्प झालं. मला वाटलं, भूक लागली असेल.

जमिनीवर आल्यावर दुखायचं थांबलं, कान मात्र उघडला नाही. डोक्याची ती बाजू घागरीत बुडवून ठेवल्यासारखी. माझाच आवाज मला आतून घुमून ऐकू यायचा. पापड खाल्ला तर कुणी लाकडं फोडतंय असं वाटायचं.

हवा मारणं

कारखान्यात एखादी लाइन तुंबली की आमचा पहिला उपाय ठरलेला असतो. एका टोकाला हवेची नळी लावायची आणि दाब देऊन अडकलेलं बाहेर काढायचं. याला आम्ही हवा मारणं म्हणतो. कान आतून घशाला जोडलेला असतो हे शाळेत शिकलेलं आठवत होतं. म्हणजे पाइपच की. आणि पाइप तर माझा विषय.

नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि जोर लावायचा. कंपनीच्या बसमध्ये, जिन्यात, न्हाणीघरात, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. कधी आत करकर व्हायचं, मला वाटायचं, निघतंय. नाही निघालं की अजून जोर. एकदा नाकातून रक्त आलं. रुमाल मी स्वतः धुतला. लग्नानंतर मी रुमाल धुतल्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

वसुधाला कळू नये म्हणून तिला नेहमी उजवीकडे घेऊन चालायचो. फोन उजव्या कानाला. टीव्ही बघताना भिंतीकडची खुर्ची. लपवायला एवढी अक्कल चालवली, त्याच्या चार आणेही डॉक्टरकडे जायला चालवली नाही.

एप्रिल

आता ते दुसरं कारण.

वसुधाचे वडील, अण्णा, साताऱ्याला असायचे. वसुधा एकुलती एक. माझं शेवटचं सगळं जावई करतील, असं अण्णांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं. मी तिथे होतो आणि मान डोलावली होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी सासूबाईंचा फोन आला, अण्णांना दवाखान्यात ठेवलंय, निघा. वसुधाने उभ्याउभ्या दुपारच्या विमानाची तिकिटं बघितली आणि मला विचारलं, "दोन काढू ना?"

मी म्हणालो, "शटडाउन चालू आहे. रजा नाही मिळायची. तू हो पुढे."

शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवणं, चालू होतं हे खरं. त्यातलं माझं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. साहेबांना एक फोन केला असता तर त्यांनी विमानतळापर्यंत गाडी दिली असती. मला ते उतरणं नको होतं. ती पंधरा मिनिटं मी डोळ्यांसमोर आणली आणि माझे हात गार पडले. तेवढंच. दुसरं काहीही नव्हतं.

मग रेल्वेने का नाही निघालो त्याच दिवशी? कारण रजा नाही असं सांगून बसलो होतो. खोटं सांगितल्यावर ते निदान एक दिवस तरी टिकवावं लागतं.

वसुधा पोचली त्या संध्याकाळी अण्णा गेले. अग्नी तिच्या चुलतभावाने दिला. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, राख सावडायला. सासूबाई म्हणाल्या, "आलात. बसा, पाणी घ्या." कुणी जाब विचारला नाही. वसुधानेही नाही. चेन्नईला परतल्यावर ती माझ्याशी बोलायची ते गॅस, दूध आणि किल्ली एवढ्यापुरतं. एका कानाने ऐकू येत नव्हतंच. आता घरात ऐकण्यासारखंही फारसं काही राहिलं नाही.

उजवीकडून येणारी माणसं

जूनच्या शेवटी कॉम्प्रेसर हाउसमधून चाललो होतो. डाव्या हाताला एका सांध्यातून दाबाची हवा शिट्टी घालत सुटत होती. आमच्याकडे अशा शिट्टीकडे कुणी पाठ करत नाही. मी तिच्या अंगावरून निघालो होतो. सेल्वम नावाचा आमचा ऑपरेटर आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने दंडाला धरून मला मागे ओढलं आणि मग हात सोडायला विसरला.

"सर, कान दाखवून घ्या," तो तमिळमध्ये म्हणाला.

"कानाला काय झालंय?"

"सर, पोंगल होऊन महिना झाला असेल, तेव्हापासून आम्ही सगळे तुमच्या उजव्या बाजूने येतोय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं.

"कँटीनमधल्या अक्कासुद्धा वळसा घालून उजवीकडून वाढतात. तुम्ही सांगत नाही, मग आम्ही कसं विचारणार? साहेब माणूस."

मी ओशाळलो आणि त्याच वेळी बरंही वाटलं, इतकं की मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. त्या शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली. वसुधाला सांगितलं, कानात मळ आहे, काढून येतो. तिला त्याच रस्त्यावर भाजी घ्यायची होती, म्हणून तीही निघाली.

दार ओढायचं असतं

आमच्याच भागात एका किराणा दुकानाच्या माडीवर डॉक्टर हेमलतांचा दवाखाना आहे. साठीच्या बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं तमिळ आणि इंग्रजी मिसळून. वसुधा बाहेर बाकावर बसली. मी आत गेलो आणि डॉक्टरांना फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं किती सोपं असतं.

त्यांनी कानात पाहिलं, एका यंत्राची नळी कानाला लावली. यंत्रातून कागद आला, त्यावर टेकडी यायला हवी तिथे सपाट रेघ होती. पडद्यामागे पाणी साचलंय, म्हणाल्या.

"तुम्ही काय उपाय केलेत?"

मी मोठ्या हौसेने नाक धरून दाखवायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"कोणी शिकवलं हे?"

"मी पाइपलाइनवाला आहे."

"ही पाइपलाइन नाही," त्या म्हणाल्या. "ही नळी एरवी मिटलेलीच असते. तुम्ही आवंढा गिळता, जांभई देता, तेव्हा टाळूचे स्नायू ती क्षणभर ओढून उघडतात. तेवढ्यात बाहेरची हवा कानात जाते, आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. दिवसभर हे चाललेलं असतं, तुम्हाला पत्ताही नसतो. विमान उतरताना बाहेरचा दाब भराभर वाढतो. सर्दीने नळी सुजलेली, ती उघडली नाही, पडदा आत ओढला गेला. अशा वेळी खालून जोर लावलात तर तिच्या भिंती आणखी घट्ट चिकटतात. ओढून उघडायचं दार तुम्ही चार महिने ढकलताय."

मला ते बाळ आठवलं. दूध पिताना ते गिळत होतं. तीन महिन्यांच्या जिवाला जे जमलं ते मला जमलं नव्हतं.

"पण मला दुसरीच काळजी आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाच्या एकाच कानात इतके दिवस पाणी राहिलं, तर नळीचं खालचं तोंड बघावं लागतं. नाकाच्या मागे, घशाच्या वर."

नाकात कडू औषधाचा फवारा मारला, घसा बधिर झाला. बारीक दुर्बीण आत गेली आणि समोरच्या पडद्यावर मी माझ्या डोक्याची आतली बाजू पाहिली. "गिळा," त्या म्हणाल्या. उजव्या बाजूला एक फट माशाच्या तोंडासारखी उघडली आणि मिटली. डाव्या बाजूची फट दिसेना. तिच्यावर एक गुलाबी उंचवटा होता.

"हे काय आहे?"

"ते मला सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. बरेचदा साधं निघतं. कधी कधी निघत नाही."

त्यांनी वसुधाला आत बोलावलं. तिने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

इथल्या आम्हा महाराष्ट्रातून आलेल्या लोकांची एक खोड आहे. दुकानदारासमोर दुकानदाराबद्दल, शेजाऱ्यांसमोर शेजाऱ्यांबद्दल खुशाल मराठीत बोलायचं, कुणाला कळतंय. त्याच भरवशावर मी म्हणालो, "काही नाही गं. मळच आहे. थेंब देणार आहेत."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. पेनाला टोपण लावलं.

"मी मळ म्हटलें नाहीं," त्या म्हणाल्या.

तमिळच्या हेलात, पण मराठीच. पोथीतली वाटावी अशी. 

"आमचें घर तंजावरचें. घरीं हीच भाषा. मोडकी असेल, तरी समजतें." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगतां, कीं मी सांगूं?"

मी सांगितलं. तीन वाक्यं होती. सांगताना मी टेबलावरच्या कानाच्या प्लास्टिकच्या नमुन्याकडे बघत होतो. वसुधाने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने डॉक्टरांना विचारलं, "वाईट असण्याची शक्यता किती?"

"ठाऊक नाहीं, बाई. पाहिल्यावांचून बोलूं नये. पण दिवस दवडूं नये."

जिना उतरताना वसुधा म्हणाली, "त्यांना मराठी येत नसती, तर तुम्ही मला कधी सांगितलं असतंत?"

मी म्हणालो, "रिपोर्ट आल्यावर."

"चांगला आला असता तर," ती म्हणाली. भाजी घ्यायची राहिलीच.

फाइल

चार दिवसांनी सकाळी हॉस्पिटलात दाखल झालो. हिरवा झगा, हाताला सुई, उपाशी पोट. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, सगळ्यात वाईट ते थांबणं. बाकीचं माणसं करतात, तुम्ही फक्त झोपायचं असतं.

सिस्टर फाइल घेऊन आल्या आणि खात्री करायला मोठ्याने वाचू लागल्या. नाव, वय, मधुमेह नाही. "डावा कान बंद. फेब्रुवारीपासून. विमान प्रवासानंतर. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

खुर्चीत वसुधा माझं घड्याळ आणि चष्मा रुमालात बांधत होती. तिचा हात थांबला.

"फेब्रुवारी?"

मी मान डोलावली.

"अण्णा एप्रिलमध्ये गेले," ती म्हणाली. प्रश्न विचारल्यासारखं नाही. नुसतं.

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. लिफ्टचं दार बंद होताना ती रुमालाची गाठ हातात धरून उभी होती. वर छताचे दिवे एकामागून एक सरकत होते. सगळे विचारतात, नाकामागच्या गाठीची भीती वाटली का. वाटली होती, आधीचे चार दिवस. त्या क्षणी गाठ डोक्यात नव्हती. मी शुद्धीवर आलो नाही तर वसुधा उरलेला जन्म त्या एका वाक्याचं उत्तर शोधत राहील, एवढंच होतं.

इडली

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो पंखा. डाव्या बाजूचा. मग चपलांचा आवाज, ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतंय ते, खिडकीबाहेर कुणी फोनवर भांडतंय ते. डॉक्टरांनी पडद्याला छेद देऊन पाणी काढलं होतं आणि तिथे भाताच्या शिताएवढी नळी बसवली होती, म्हणजे खालचं दार उघडेपर्यंत हवा वरून ये-जा करेल. कारखान्यात टाकीला श्वास घ्यायला आम्ही असंच भोक ठेवतो. ते बुजलं तर रिकामी होताना टाकी आत चेपते, हे मी नव्या लोकांना दरवर्षी शिकवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाने डबा उघडला. मऊ इडल्या, चटणी तिखट नसलेली. मी एक घास खाल्ला आणि सांगायला सुरुवात केली. शटडाउनचं, संपलेल्या कामाचं, न केलेल्या फोनचं, गार पडलेल्या हातांचं. रुमाल धुतल्याचंसुद्धा. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

तिने डब्याच्या झाकणावरचं पाणी बोटाने पुसलं.

"मला वाटत होतं, तुम्हाला अण्णा नकोच होते," ती म्हणाली. "त्यांनी ते काम तुमच्यावर टाकलं म्हणून तुम्ही टाळलंत. तीन महिने मी हेच धरून बसले होते."

"तसं नव्हतं."

"ते आता कळलं. कान दुखतो एवढं म्हणाला असतात, तर मीच म्हटलं असतं, तुम्ही ट्रेनने या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला असतात. अण्णांना तोवर ठेवलं असतं." मग आवाज चढला. "भीती वाटते हे दोन शब्द बोलायला तुम्हाला भूल द्यावी लागते का हो?"

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तमिळमध्ये विचारलं, "अम्मा का रागावतायत? औषध घेत नाही का?"

"तोंड उघडत नाहीत," वसुधा त्यांना म्हणाली.

ती रडली, मग मला उरलेल्या दोन इडल्या खायला लावल्या. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. पण त्या दिवशी मला घरी सोडल्यावर ती माझ्या डाव्या बाजूला चालत होती आणि रस्ताभर मला बोलत होती. त्यातलं निम्मं मला लागलं. तरी ते ऐकू येत होतं.

सात दिवस

रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या दिवसांत आम्ही एप्रिलपासूनचं थकलेलं बोललो, भांडलो. कानात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून आंघोळीला कापसावर व्हॅसलीन लावून बोळा. नाक जोरात शिंकरायचं नाही. सवयीने माझा हात नाकाकडे गेला की वसुधा वर्गात पोरांना म्हणते तसं म्हणायची, "हात खाली." मी आवंढा गिळायचो.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या माडीवर. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, चष्मा वर केला, वाचलं. मग तमिळ नाही, इंग्रजी नाही, थेट वसुधाला म्हणाल्या, "वाईट कांहीं नाहीं. लहानपणची गांठ असते, मोठेपणीं जिरते. यांची राहिली, सर्दीनें सुजली. काढली ती गेली."

वसुधाने नमस्कारासाठी हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले. मी खाली किराणा दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

तुमच्यापैकी कुणाला हे होईल, बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप सुटेल. नाही सुटलं तर डॉक्टरांना दाखवा, आणि मोठ्या माणसाचा एकच कान महिनाभर बंद राहिला तर अजिबात थांबू नका. पण त्याआधी घरात सांगा. माझी गाठ साधी निघाली. ती तशी निघाली नसती, तर मी साडेचार महिने घालवलेलेच होते.

साताऱ्याला फोन

एक माणूस राहिलं होतं. वसुधा म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही."

रविवारी सकाळी फोन लावला. डाव्या कानाला. सासूबाईंना सगळं सांगितलं, रजा मिळाली असती हेही. पलीकडे मिसरीचा डबा बंद केल्याचा आवाज आला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सगळी भावकी विचारत होती, जावई कुठंय. मी सांगून टाकलं, ते आजारी आहेत, उठवत नाही त्यांना. धादांत खोटं. ह्यांच्या मढ्यापाशी बसून खोटं बोलले, म्हणून दर सोमवारी उपास धरलाय मी."

पलीकडे डबा पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

"म्हणजे खोटं नव्हतंच की ते," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. उद्या जेवते."